धनुर्वात आणि पेशीतील टपाल

गेल्या महिन्यातील एका दुपारची गोष्ट सांगून आजच्या विषयाला आरंभ करते. मधली सुट्टी होती. आमच्या शाळेच्या पटांगणाच्या कोपऱ्यात मोडक्या बाकाची एक फळी पडली होती. सातवीतला एक मुलगा अनवाणी धावत असता त्याचा पाय तिच्यावर पडला आणि फळीतला खिळा टाचेत शिरला. रक्त फारसे आले नाही. परंतु खिळा खोल गेला होता आणि मातीने माखलेला होता. मी जखम साबणाच्या पाण्याने धुतली आणि घरी निरोप धाडला. मुलाची आजी आली. टाच उलटून पाहत ती म्हणाली, "बाई, एवढ्याशा टोचण्याला दवाखाना कशाला? घरी नेते, हळद दाबते. उद्या बघा, पळायला लागतो."

मी म्हटले, "आजी, जखम लहान पण खोल आहे, म्हणूनच मला भीती वाटते. धनुर्वाताची सुई घेतलीच पाहिजे." पाच वर्षांचा असताना घेतलेल्या सुईनंतर त्या मुलाला दुसरी मिळालीच नव्हती, दहाव्या वर्षीची चुकली होती, कारण शाळेत लस टोचली त्या दिवशी तो गैरहजर होता.

आजी विचारात पडल्या. तेवढ्यात मुलानेच विचारले, "बाई, खिळा पायात शिरला, मग धनुर्वातात दातखीळ का बसते? व्हायचे ते पायालाच व्हायला नको का?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे मुळापासूनचे उत्तर शास्त्रज्ञांना १९९२ सालापर्यंत देता आले नव्हते. त्या घाईत मी त्याला एवढेच म्हणाले, की विष पायापाशी थांबत नाही, मज्जातंतूंच्या वाटेने वर चढते. एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. संपूर्ण उत्तरासाठी शरीरातील पेशीच्या आत शिरून तेथील टपालाची व्यवस्था पाहावी लागते. ती आज आपणांपुढे मांडते.

शाळेच्या पुस्तकात पेशीचे चित्र असते. एक वाटोळी रेघ, मध्ये केंद्रक आणि भोवती काही आकृत्या. मुले त्यांना नावे देतात, गुण मिळवतात आणि विसरतात. ह्या चित्राने एक गैरसमज होतो. पेशी म्हणजे पाण्याचा थेंब आणि त्यात तरंगणाऱ्या चार वस्तू, असे मुलांना वाटते. वस्तुतः पेशी ही अनेक खोल्यांच्या जुन्या वाड्यासारखी आहे आणि तिच्यातील प्रत्येक खोलीचे काम निराळे आहे. आंतर्द्रव्यजालिका नावाच्या खोलीत प्रथिने तयार होतात. गॉल्जी पिंड नावाच्या खोलीत त्यांच्यावर अखेरचे संस्कार होतात आणि कोणते प्रथिन कोठे जायचे ह्याची निवड होते. लयकारिका नावाच्या खोलीत टाकाऊ द्रव्ये आम्लात विरघळवली जातात. पेशीची बाहेरची भिंत ती वेगळीच.

ह्या साऱ्या भिंती मेदाच्या दुहेरी थराच्या असतात. शास्त्रात त्यांना पटल म्हणतात. पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील पाच. इतकी पातळ भिंत असूनही एका खोलीतले प्रथिन सहजासहजी तिच्यातून पार होऊ शकत नाही. मग तयार झालेला माल ह्या खोलीतून त्या खोलीत जातो कसा?

निसर्गाने ह्याची युक्ती मोठी सुरेख योजली आहे. जायचा माल भिंतीच्या एका भागापाशी गोळा होतो. तेथे भिंत बाहेरच्या बाजूस फुग्यासारखी फुगते आणि तो फुगा तुटून माल पोटात घेऊन सुटा होतो. ह्या चिमुकल्या पिशवीला पुटिका म्हणतात. पुटिका दुसऱ्या खोलीपाशी पोचते, तिचे पटल त्या खोलीच्या पटलात मिसळून जाते आणि माल आत पडतो. भिंतीचाच पेटारा आणि पेटाऱ्याचीच पुन्हा भिंत! मज्जापेशींतील पुटिकांचा व्यास सुमारे ४० नॅनोमीटर असतो. त्या एका ओळीत ठेवल्या तर एका मिलिमीटरात पंचवीस हजार मावतील.

हा प्रवास प्रथम नीट उलगडून दाखवला तो रुमानियात जन्मलेल्या जॉर्ज पालाडे ह्या शास्त्रज्ञाने. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे पातळ काप घेतले आणि प्रथिने घडवणारा किरणोत्सारी कच्चा माल त्या पेशींना मिनिटे-दोन मिनिटे पुरवून मग बंद केला. जेमतेम तेवढ्या वेळात जी प्रथिने बनली, ती जणू शाईने खूण केल्यासारखी ओळखू येऊ लागली. पुढे ठरावीक वेळांनी त्यांनी पाहिले, तेव्हा ती खूण आधी जालिकेत, काही मिनिटांनी गॉल्जी पिंडापाशी आणि तासाहून अधिक काळाने पेशीच्या टोकाशी साठलेल्या पाचकरसाच्या कोठारांत आढळली. माल कोणत्या वाटेने जातो हे ठरले. १९७४ साली पालाडे ह्यांना आल्बेर क्लोद आणि क्रिस्तियान द द्यूव ह्यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

वाट कळली, परंतु दोन कोडी उरली. पहिले पत्त्याचे. पेशीत एकाच वेळी हजारो पुटिका निघतात. पचनरसाची पिशवी चुकीच्या खोलीत फुटली तर अनर्थ होईल. मग प्रत्येक पिशवी आपल्याच दारी कशी जाते? दुसरे कोडे मिसळण्याचे, आणि ते पहिल्याहूनही अवघड आहे.

आपण म्हणाल, ह्यात अवघड ते काय? आमटीवरचे तेलाचे दोन थेंब जवळ आले की चटकन एक होतात. पटलेही मेदाचीच, मग तीही एक होतील. परंतु तसे होत नाही. पटलातील मेदाच्या प्रत्येक कणाचे डोके पाण्याकडे असते आणि ते पाण्याला घट्ट धरून ठेवते. दोन पटले समोरासमोर आली की मधला पाण्याचा थर हटायला तयार नसतो आणि पटले एकमेकांना दूर लोटतात. हे बरेच आहे म्हणायचे. नाहीतर पेशीतल्या साऱ्या खोल्या एकमेकींत मिसळून सगळ्याचे एकच कालवण झाले असते. म्हणजे पेशीला दोन परस्परविरुद्ध गोष्टी साधायच्या असतात. वाटेल त्या भिंती कधीही मिसळता कामा नयेत, आणि योग्य त्या भिंती वेळ येताच मिसळल्याच पाहिजेत.

हे कोडे सुटले ते दोन निरनिराळ्या वाटांनी. पहिली वाट धरली रँडी शेकमन ह्यांनी, अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत. त्यांनी प्राणी निवडला नाही. आपला पाव ज्याने फुगतो ते यीस्ट निवडले. त्यांचा विचार असा, की यंत्राचा एकेक भाग मोडून पाहावा, म्हणजे कोणता भाग कशासाठी आहे ते कळेल. त्यांनी व त्यांचे विद्यार्थी पीटर नोव्हिक ह्यांनी यीस्टच्या जनुकांत बिघाड घडवून आणले आणि असे वाण शोधले, की जे २५ अंश उष्णतामानात सुरळीत जगतात, पण ३७ अंशांवर नेताच त्यांचे टपाल ठप्प होते. पाठवणी थांबली, तरी आत प्रथिने बनतच राहतात. त्यामुळे अशा पेशी इतरांहून जड होतात. ह्या जडपणावरूनच त्यांनी त्या निवडून काढल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तो काही वाणांत न पोचलेल्या पुटिकांची गर्दी झालेली! १९८० सालापर्यंत अशी २३ जनुके त्यांच्या हाती आली. टपाल चालण्यासाठी ह्यांतील प्रत्येकाची गरज होती.

दुसरी वाट जेम्स रॉथमन ह्यांची. त्यांनी जिवंत पेशी मोडून तिचा रस काढला आणि त्या रसात, परीक्षानळीत, टपाल चालू करून दाखवले. एका पेशीच्या गॉल्जी पिंडात एका विषाणूचे प्रथिन होते, पण त्याला साखरेचा कण जोडणारे विकर नव्हते. दुसरीत विकर होते, पण प्रथिन नव्हते. दोहोंचे रस एकत्र केले आणि साखर जोडली गेलेली आढळली. म्हणजे पुटिकांनी माल एकीकडून दुसरीकडे नेला, हे सिद्ध झाले. मग रसातले एकेक द्रव्य काढून टाकायचे आणि टपाल कशावाचून अडते ते पाहायचे. असे करता करता त्यांना १९८८ साली एन.एस.एफ. हे प्रथिन मिळाले. पुढल्याच वर्षी असे आढळले, की हे प्रथिन आणि शेकमन ह्यांच्या यीस्टमधील एका जनुकाचे प्रथिन हे वस्तुतः एकच आहे. पाव फुगवणारे यीस्ट आणि सस्तन प्राणी ह्यांच्या वाटा शंभर कोटीहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी टपालाचे यंत्र दोघांनी तेच राखले आहे. दोन वाटसरू दोन दिशांनी निघून एकाच धर्मशाळेत भेटावे तसे हे झाले.

१९९३ साली रॉथमन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी गाईबैलांच्या मेंदूतून ह्या यंत्राचे मुख्य भाग वेगळे केले. त्यांना स्नेअर प्रथिने म्हणतात. त्यांतील एक पुटिकेच्या अंगावर असते. त्याचे नाव सिनॅप्टोब्रेव्हिन. दोन समोरच्या भिंतीवर असतात. त्यांची नावे सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. नावे जड आहेत, पण काम डोळ्यांपुढे आणणे सोपे आहे. सुताचे चार पेड घेऊन दोर वळताना आपण पाहिले असेल. एक पेड पुटिकेचा, एक सिंटॅक्सिनचा आणि दोन स्नॅप-२५ चे, असे चार पेड टोकापासून एकमेकांभोवती गुंडाळू लागतात. पीळ जसजसा भिंतीकडे सरकतो, तसतशा दोन्ही भिंती एकमेकींकडे ओढल्या जातात. मधले पाणी पिळून निघते, पटलांतले मेद एकमेकांत शिरतात, एक चिमुकले छिद्र पडते आणि माल पलीकडे जातो. जी ओढ दोन पटलांना स्वतःहून नव्हती, ती पिळाने लावली. काम आटोपल्यावर हा घट्ट पीळ सोडवावा लागतो, नाहीतर तीच प्रथिने पुन्हा वापरता येणार नाहीत. ते काम एन.एस.एफ. करते आणि त्यासाठी पेशीला इंधन खर्चावे लागते.

आता पत्त्याचे कोडे. ह्यात मौज अशी, की पेशीचा पत्ता एका चिठ्ठीवर नसतो; आपल्या टपालासारखा तो पायरीपायरीने तपासला जातो. १९७२ साली आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. पणजीच्या पत्रावर ४०३००१ आणि बेळगावच्या पत्रावर ५९०००१ लिहिले, की पहिल्या आकड्यालाच त्यांच्या दिशा वेगळ्या होतात; पुढचे आकडे जिल्हा आणि कचेरी सांगतात, आणि शेवटी पोस्टमन दारावरची पाटी वाचतो. पेशीत पिनकोडाचे काम रॅब नावाची प्रथिने करतात. मानवी पेशींत त्यांचे साठाहून अधिक प्रकार आहेत आणि निरनिराळ्या खोल्यांच्या वाटांवर निरनिराळे रॅब असतात. पुटिकेवरचा रॅब ओळखीचा निघाला, की समोरच्या भिंतीवरची दोरासारखी लांब प्रथिने तिला पकडून जवळ ओढतात. होडी धक्क्याला लावताना आधी दोर फेकावा तसेच हे. दारावरची पाटी म्हणजे स्नेअर. पुटिकेचा पेड समोरच्या पेडांशी जुळला तरच पीळ बसतो. २००० साली रॉथमन ह्यांच्या प्रयोगशाळेत यीस्टची निरनिराळी स्नेअर प्रथिने कृत्रिम पुटिकांवर बसवून जोड्या लावून पाहिल्या, तेव्हा पेशीत ज्या जोड्या खरोखर एकत्र येतात, बहुतांशी त्याच जोड्यांनी पटले मिसळली. पिनकोड, दोर आणि पाटी, अशा तीन तपासण्या असल्यामुळे एकीची चूक दुसरी सावरते.

ह्यापुढे वेळेचा प्रश्न येतो. बहुतेक पुटिका पोचताच रिकाम्या होतात. मज्जापेशींत मात्र तसे चालत नाही. मज्जापेशीच्या टोकाशी पुटिका निरोपाचे रसायन घेऊन भिंतीला चिकटून सज्ज बसतात आणि इशारा येईपर्यंत थांबतात. इशारा असतो कॅल्शियमचा. मज्जापेशीतून विजेचा स्पंद आला, की टोकाशी कॅल्शियमचे कण आत शिरतात आणि एक सहस्रांश सेकंदाच्याही आत पुटिका फुटून निरोप पलीकडल्या पेशीला मिळतो. कॅल्शियम ओळखणारा हा पहारेकरी म्हणजे सिनॅप्टोटॅग्मिन नावाचे प्रथिन. अमेरिकेत डॅलस येथे काम करणारे जर्मन शास्त्रज्ञ थॉमस झ्यूडहोफ ह्यांनी त्याचे कार्य उलगडले. शेकमन, रॉथमन आणि झ्यूडहोफ ह्या तिघांना २०१३ साली शरीरविज्ञान व वैद्यक ह्या विषयाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

श्रोतेहो, एवढी तयारी झाल्यावर आता आपण त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजाणूंच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतात. गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो असे आपण म्हणतो. पण त्यात गंजाचा दोष नाही, खिळ्याबरोबर आत जाणाऱ्या मातीचा आहे. ह्या जंतूंना प्राणवायू मानवत नाही. म्हणून वरून दिसणाऱ्या मोठ्या उघड्या जखमेपेक्षा खिळ्याने पडलेले खोल, बारीक भोक त्यांना अधिक सोयीचे. जपानी शास्त्रज्ञ शिबासाबुरो कितासातो ह्यांनी १८८९ साली बर्लिनमध्ये हे जंतू प्रथम शुद्ध रूपात वाढवले. जंतू जखमेतच राहतात; प्रवास करते ते त्यांचे विष.

विष रक्तात उतरते आणि शरीरभरच्या स्नायूंपाशी असलेल्या मज्जातंतूंच्या टोकांना चिकटते. मज्जापेशी त्याला पुटिकेत घालून आत घेते आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे वाहून नेते. ज्या टपालाचा आपण आतापर्यंत गौरव केला, तेच टपाल शत्रूचे पार्सल आपल्या हाताने घरात आणते! जबड्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची वाट आखूड, म्हणून तेथला परिणाम लवकर दिसतो; पायाकडच्या तंतूंची वाट लांब. खिळा पायात असूनही बहुधा आधी दातखीळ बसते, ती ह्या कारणाने.

परंतु खीळ का बसते? आपण हात वाकवतो तेव्हा पुढचा स्नायू आवळतो आणि त्याच वेळी मागचा सैल पडतो. सैल पडण्याचा हुकूमही मज्जारज्जूतूनच येतो. तेथे काही पेशी स्नायूंना हाकणाऱ्या असतात आणि काही त्यांचा कासरा ओढून धरणाऱ्या. विष नेमके ह्या कासरा धरणाऱ्या पेशींत शिरते आणि त्यांच्या पुटिकांवरचा सिनॅप्टोब्रेव्हिनचा पेड कापून टाकते. पेड तुटला, पीळ बसत नाही. पीळ नाही, म्हणून पुटिका भिंतीपाशी असूनही रिकामी होत नाही. आणि 'सैल पड' हा निरोप कधी निघतच नाही. मग पुढचे-मागचे सारे स्नायू एकाच वेळी आवळतात. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंहून बळकट, म्हणून शरीर मागच्या बाजूस धनुष्यासारखे वाकते. आपल्या भाषेने ह्या रोगाला धनुर्वात हे नाव दिले, ते रोग्याकडे नीट पाहूनच दिले आहे.

सिनॅप्टोब्रेव्हिन म्हणजे ११६ मण्यांची माळ आहे असे समजा. धनुर्वाताचे विष तिच्यातील ७६ व ७७ ह्या मण्यांमधला धागा तेवढा कापते. हे १९९२ साली इटलीतील पादुआ येथील जांपिएत्रो स्कियावो, चेझारे मोंतेकुक्को आणि त्यांचे सहकारी ह्यांनी दाखवून दिले. त्याच शोधात आणखी एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. खराब झालेल्या डबाबंद अन्नातून होणारा बॉट्युलिझम हा रोग धनुर्वाताच्या अगदी उलट असतो. त्यात स्नायू ताठरत नाहीत, लुळे पडतात. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि श्वास बंद पडतो. परंतु त्या रोगाच्या विषाचा 'बी' नावाचा प्रकारही ह्याच माळेतला, ह्याच दोन मण्यांमधला हाच धागा कापतो! कात्री तीच, काप तोच. मग एका रोगात ताठरणे आणि दुसऱ्यात लुळे पडणे का? कारण पत्ता वेगळा. बॉट्युलिझमचे विष स्नायूपाशीच थांबते आणि 'आवळ' हा निरोप अडवते. धनुर्वाताचे विष मज्जारज्जूपर्यंत चढते आणि 'सैल पड' हा निरोप अडवते. पेशीच्या टपालात पत्त्याला किती मोल आहे, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाही. ह्याच कुळातील दुसरे एक विष अत्यल्प मात्रेत देऊन तिरळेपणासारख्या विकारांत स्नायू सैल करण्यासाठी डॉक्टर वापरतात, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत त्यास १९८९ साली मान्यता मिळाली.

आता उरला प्रमाणाचा प्रश्न. शरीराच्या दर किलोमागे अडीच नॅनोग्रॅम विष माणसाचा जीव घेण्यास पुरेसे असते असा अंदाज आहे. चाळीस किलो वजनाच्या मुलाला शंभर नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग. एवढेसे विष कसे पुरते? ते विकराप्रमाणे काम करते, म्हणून. एक पेड कापून ते खर्च होत नाही. कात्रीप्रमाणे पुढचा पेड कापायला मोकळे राहते. ह्याचा एक परिणाम असा, की हा रोग होऊन गेलेल्यालाही त्याच्यापासून संरक्षण मिळत नाही. गोवर, कांजिण्या एकदा झाल्या की बहुधा पुन्हा होत नाहीत. कारण शरीर शत्रूला ओळखून ठेवते. धनुर्वाताचे विष इतके थोडे असते, की शरीराला त्याची ओळख पटण्यापूर्वीच ते आपले काम करून जाते.

ओळख पटवून द्यावी लागते ती लसीनेच. लसीत हेच विष असते, पण फॉर्मालिनच्या प्रक्रियेने निर्विष केलेले. शरीर त्याला पाहून ठेवते आणि प्रतिपिंडे तयार करते. पुढे खरे विष रक्तात आले, की ती त्याला वाटेतच पकडतात. परंतु एकदा विष मज्जापेशीच्या आत गेले, की तेथे कोणतेही प्रतिपिंड पोचू शकत नाही. मग रुग्णालयात स्नायू सैल करणारी औषधे देत, श्वास चालू ठेवत, पेशी पुन्हा कामाला लागेपर्यंत आठवड्यांमागून आठवडे वाट पाहावी लागते. 'त्रास झाला तर जाऊ दवाखान्यात' हा विचार इतर दुखण्यांत कदाचित चालेल. धनुर्वातात तो चालत नाही, त्याचे कारण हे. त्रास दिसू लागतो तेव्हा पार्सल घरात पोचलेले असते.

त्या दिवशी मी आजींना हे सारे सांगितले नाही. तेवढा वेळही नव्हता. मी एवढेच म्हटले, की धनुर्वात झाला तर तोंड उघडत नाही, अन्न जात नाही आणि अंग कमानीसारखे वाकते. पूर्वी घरी बाळंतपण होई, तेव्हा नाळ कापण्याच्या पात्यावरून आणि नाळेला लावलेल्या शेणामातीवरून हाच रोग तान्ह्या मुलांना होत असे. आजी एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बाई, माझ्या पाठचा भाऊ सातव्या दिवशी गेला. आईने पाजायला घेतले, तर त्याला तोंडच उघडता येईना. सुईण म्हणाली, दृष्ट लागली. ते हेच होतं का?"

मला 'नाही' म्हणता आले नाही. पदर सावरून त्या उठल्या, नातवाचा हात धरला आणि माझ्या आधी फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलाला त्याच दुपारी सुई मिळाली.

आज आपल्या देशात ते दिवस पालटले आहेत. गरोदर स्त्रियांना लस मिळू लागली, बाळंतपणे रुग्णालयांत होऊ लागली आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. परंतु निर्मूलन ह्या शब्दाचा येथील अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, आणि तेही प्रत्येक जिल्ह्यात, असा तो आहे. देवीचा रोग माणसांतूनच पसरत असे, म्हणून तो जगातून हद्दपार करता आला. धनुर्वाताचे घर माती आहे. माती कोणी लस टोचून स्वच्छ करू शकत नाही. एकाने लस घेतल्याने शेजाऱ्याचेही रक्षण व्हावे, असे ह्या रोगात होत नाही. ज्याने त्याने आपल्यापुरती घेतली पाहिजे.

म्हणून शेवटी एकच विनंती. आपल्या घरी दहा वर्षांचे आणि सोळा वर्षांचे मूल असेल, तर त्या त्या वयाची सुई त्याला मिळाली आहे का, हे आज रात्री विचारा. घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर तिच्या सुयांची चौकशी करा. आणि पायात खिळा शिरला, शेतात विळा लागला, तर जखम धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा. किती रक्त आले ह्यावरून धोका मोजू नका. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत ह्या क्षणी हजारो पुटिका आपापल्या दारी बिनचूक पोचत आहेत. जेवणानंतर रक्तात उतरणारे इन्शुलिन असेच पोचते. माझे हे शब्द ऐकताना आपल्या मेंदूत होणारी हालचालही त्यांच्यामुळेच होते. हे टपाल चालवायला आपल्याला काही करावे लागत नाही. त्यात शत्रूचे पार्सल शिरू न देणे, एवढेच आपल्या हाती आहे. आणि ते एका सुईने साधते.